शंभर किलोमीटरवरचं विजापूर

"टीचर, तुम गोल गुंबज अंदर से देखे क्या?"

सातवीच्या वर्गात, मागच्या बाकावरून आलेला प्रश्न. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बहमनी राज्याचे तुकडे होऊन झालेल्या पाच शाह्या मी फळ्यावर लिहीत होते. वऱ्हाडची इमादशाही, बीदरची बरीदशाही, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही. हात फळ्यावर होता, तोंड फळ्याकडे होतं, आणि मी मागे न बघताच म्हणाले, "हौ, देखी ना."

"आवाज सच्ची में सात बार वापस आती?"

"सात बार," मी म्हणाले.

दोन्ही उत्तरं पुस्तकातली होती. गोल घुमट मी बाहेरूनही पाहिलेला नव्हता.

मी सोलापूरची. माहेर सोलापूर, सासर सोलापूर, नोकरी सोलापुरात, उर्दू माध्यमाच्या शाळेत. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विजापूर आमच्यापासून शंभर किलोमीटरवर. सकाळच्या गाडीत बसलं तर नाश्त्याच्या वेळेला पोहोचतो. तरी अठरा वर्षं मी विजापूर शिकवत होते आणि विजापूरला गेले नव्हते. का, याचं उत्तर शोधायला गेले तर ते माझ्या एकटीचं नाही, आपल्या बहुतेक घरांचं आहे. आपण गाव सोडतो ते तीन कारणांनी. लग्न, दवाखाना आणि उरूस. गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्यावर मी किती वेळा गेले ते मोजता येणार नाही. हैदराबादला गेले ते मामेसासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी, आणि चारमिनार रिक्षातून पाहिला. पुण्याला चार लग्नांना गेले, शनिवारवाडा एकदाही नाही. नुसतं बघायला म्हणून जायचं, राहायचं, पैसे घालवायचे, हे आमच्याकडे कुणी केलंच नव्हतं. नणंदेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पडकी दगडं बघायला एवढा खर्च? त्यात पोरांच्या ट्यूशनची दोन महिन्यांची फी निघेल."

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. पण ते "हौ, देखी ना" माझ्या घशात अडकून बसलं होतं. त्या मुली आठवीत गेल्या, नववीत गेल्या, नवी सातवी आली, आणि पाच शाह्यांचा धडा जवळ आला की मला मागचा बाक दिसायचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेवटी निघालो. आम्ही दोघं, नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि अब्बा. अब्बा म्हणजे माझे सासरे. कापड गिरणीत आयुष्य गेलं, आता गुडघे बोलतात. त्यांनी विजापूर तरुणपणी पाहिलं होतं, गिरणीतल्या मित्रांबरोबर, तेव्हाच्या छोट्या रुळांच्या गाडीने. "अम्मीला दाखवतो म्हणालो होतो," एवढंच ते एकदा बोलले. अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली.

होटगी मागे पडलं, भीमेचा पूल गेला आणि पलीकडे ज्वारीची काळी रानं सुरू झाली. रान तेच, पीक तेच, फक्त स्टेशनवरच्या पाटीची लिपी बदलली. पाटीवर आता विजयपुरा लिहिलेलं असतं, २०१४ साली नाव बदललं. आमच्या तोंडात विजापूरच आहे, तेव्हा इथेही तेच लिहिते. गाव यायच्या आधीच गोल घुमट दिसायला लागतो. सपाट मुलखात तो एवढा मोठा दिसतो की मुलगी म्हणाली, "ते टेकडी आहे ना?"

पहिली चूक आम्ही केली ती सांगून टाकते. उतरलो, सामान टाकलं आणि रविवारी दुपारी घुमट बघायला गेलो. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांमधून अरुंद जिना फिरत वर जातो. सात मजले, शंभराच्या वर पायऱ्या. अब्बा खालीच बसले. धापा टाकत वर गेलो, तर घुमटाच्या आतल्या गोल सज्जात शंभर-दोनशे माणसं एकाच वेळी ओरडत होती. शिट्ट्या, किंकाळ्या, सिनेमातले डायलॉग. जो घुमट कुजबूज परत देतो तो किंकाळीही परत देतो, तेवढ्याच इमानदारीने. मुलीने कानांवर हात ठेवले. भिंतीवर हाताच्या उंचीपर्यंत नावं ओरखडलेली, बाण मारलेली बदामं, तारखा. कानडी मला वाचता येत नाही. देवनागरी आणि उर्दू येते, आणि दोन्हींत नावं होती. दुसऱ्यांना नावं ठेवावीत तर सोय नाही.

खाली आलो तेव्हा अब्बा चौथऱ्याच्या पायरीवर शांत बसले होते. म्हणाले, "वरून पाऊस पडल्यासारखा आवाज येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेट उघडायच्या वेळी गेलो. वाचकांनी या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. सहा वाजता आत आम्ही पाच जण, झाडू मारणारा एक माणूस आणि कबुतरं होती. वर गेलो. मुलगा सज्जाच्या पलीकडच्या बाजूला चालत गेला. मध्ये जवळजवळ अडतीस मीटर मोकळी हवा, तो बाहुलीएवढा दिसायला लागला. त्याने भिंतीला तोंड लावलं. मी इकडे भिंतीला कान लावला, आणि कुणी शेजारी उभं राहून बोलावं तसं ऐकू आलं, "अम्मी, भूक लगी."

आवाज गोल भिंतीला धरून सरकत येतो म्हणून असं होतं, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. शिकवणं वेगळं. मग एक टाळी वाजवली आणि मोजत बसलो. मुलाने नऊ मोजले, मुलीने सात, मी पाच. शेवटचे आवाज इतके बारीक होत जातात की कुठे थांबायचं हे ज्याच्या त्याच्या कानावर आहे.

गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाचा मकबरा. त्याने १६२७ ते १६५६ राज्य केलं. घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. एका मोठ्या चौकोनी खोलीवर एवढा गोल टोप बसवायचा कसा, हा बांधणाऱ्यापुढचा प्रश्न होता. खाली जमिनीवर बसून मी मुलांना वहीत काढून दाखवलं. एक चौकोन काढा. त्याच्यावर तेवढाच दुसरा चौकोन तिरका ठेवा. आठ टोकांचा तारा तयार होतो. या दोन चौकोनांच्या बाजूंवर आठ कमानी उभ्या केल्या, त्या एकमेकींना छेदून जातात आणि आत झुकत जातात. मधे उरतो तो जवळजवळ गोल, त्यावर घुमट. घुमटाचं वजन भिंतींना बाहेर ढकलू बघतं, आणि आत झुकलेल्या या कमानींचं वजन आत ओढतं. दोघांची कुस्ती बरोबरीत सुटते, म्हणून साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ ते उभं आहे. मान वर करून पाहिलं की तो तारा दिसतो. मुलगा, ज्याला भूमिती म्हटलं की पोटात दुखतं, तो बराच वेळ आडवा पडून वर बघत होता.

मधल्या चौथऱ्यावर कबरी आहेत, त्यावर लाकडी छत्र. खरे दफन खालच्या तळघरात आहे, वरच्या नुसत्या खुणा. बादशहा, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू, आणि रंभा. रंभा ही त्याच्या दरबारातली नर्तिका. गाईड तिची गोष्ट रंगवून सांगतात. बादशहाने वर सज्जात उभं राहून विचारलं, माझ्यावर प्रेम असेल तर उडी मारशील? आणि तिने मारली. माझी मुलगी म्हणाली, "पागल है क्या?" गोष्ट खरी की खोटी याच्या भानगडीत मी पडत नाही. पण नाचणाऱ्या बाईची कबर बादशहाच्या शेजारी, त्याच छत्राखाली आहे, एवढं तर समोरच दिसत होतं.

अब्बांनी चौथऱ्याजवळ उभं राहून फातेहा पढली. मुलाने विचारलं, "अब्बा, तुम्हारे कौन लगते ये?" ते म्हणाले, "कबर है ना. बस."

दक्षिणेच्या दरवाजावर फारसीत तीन ओळी कोरल्या आहेत, आणि आमचा त्या दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. आपल्या घराघरांत ७८६ हा आकडा असतो. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे, अलिफला एक, बेला दोन, आणि त्यांची बेरीज करून ७८६ येतात, हे मोठ्यांना ठाऊक असतं. या हिशेबाला अबजद म्हणतात. दरवाजावरची प्रत्येक ओळ बादशहाच्या मृत्यूचं साल लपवून ठेवते. एक ओळ अशी: आक़िबत मुहम्मद महमूद शुद. म्हणजे मुहम्मदाचा शेवट भला झाला. मुलीने वहीत अक्षरं मांडली. ऐन सत्तर, अलिफ एक, क़ाफ शंभर, बे दोन, ते चारशे. आक़िबतचे ५७३. मुहम्मदचे ९२. महमूदचे ९८. शुदचे ३०४. बेरीज १०६७. हिजरी १०६७, म्हणजे इसवी १६५६. तिने दोनदा करून पाहिली. तिन्ही ओळींतून तोच आकडा निघतो. तीन वाक्यं, तिन्हींचा अर्थ वेगळा, तिन्ही कानाला गोड, आणि तिन्हींची बेरीज एक! "ये तो पासवर्ड है," ती म्हणाली. मला आठवलं की मी स्वतः अबजद लहानपणी नानीकडून शिकले, आणि मुलीला शिकवायचं राहूनच गेलं होतं. एका दरवाजाखाली उभं राहून तो धडा झाला.

समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असतं. पोथ्या, शिलालेख, चिनी मातीची भांडी, हत्यारं. एक तास पुरे.

आता इब्राहीम रोजा. विजापुरात एकच जागा बघायला वेळ असेल तर लोक गोल घुमट बघतात. मी इब्राहीम रोजा बघायला सांगेन. शहराच्या पश्चिमेला, जुन्या तटाच्या बाहेर. एकाच उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एकीकडे मकबरा, एकीकडे मशीद, मध्ये हौद. घुमट प्रचंड आहे, त्याच्यापुढे आपण मुंगी होतो. रोजा माणसाच्या मापाचा आहे. भिंतीवर अक्षरं, कमानीवर अक्षरं, आणि खिडक्यांच्या दगडी जाळीतही अक्षरंच. तिथे दगडावर अक्षर कोरलेलं नाही. अक्षर ठेवलंय आणि भोवतालचा दगड काढून टाकलाय. आत अंधार आणि बाहेर ऊन असलं की उजेड अक्षरांच्या मधून आत येतो. आयती वाचायच्या म्हणून नाही, पण अर्धा तास मी नुसती एका खिडकीपुढे उभी होते. उर्दूच्या वर्गात मुलींच्या अक्षराला मी फार बोलते, दायरा गोल नाही, नुक्ता कुठे गेला म्हणून. इथे दगड फोडणाऱ्याने नुक्ता सोडलेला नाही.

मधल्या खोलीचं छतही बघावं. सपाट दगडी छत, खाली आधाराला खांब नाही. दगड एकमेकांना चुन्याने धरून वर तरंगत राहिल्यासारखे दिसतात.

गाईड आम्हाला म्हणाला, बादशहाने राणीच्या आठवणीत बांधलं, ताजमहालसारखं. लिहिलेलं वेगळंच आहे. तिथल्या फारसी लेखात म्हटलंय की हा रोजा बांधायचा हुकूम राणी ताज सुलतानाने दिला, काम मलिक संदलने केलं, आणि खर्च आला दीड लाख हून आणि वर नऊशे. घरी आल्यावर हेन्री कझिन्स यांचं विजापूरवरचं १९१६ चं पुस्तक मिळवून पडताळून पाहिलं, तेच निघालं. वरच्या त्या नऊशेंनी मला फार आनंद झाला. दीड लाख म्हणून सोडून देता आलं असतं. कुणीतरी वही नीट ठेवत होतं. आणि हुकूम बाईचा होता, हे गाईडने मुलींच्या सहलींना तरी सांगायला हवं. नवरा आधी गेला, १६२७ साली. तिच्यासाठीच्या जागेत त्याला आधी ठेवावं लागलं. नंतर तीही तिथेच आली. इब्राहीमची आईही तिथेच आहे.

हा इब्राहीम म्हणजे दुसरा इब्राहीम आदिलशहा. १५८० साली गादीवर बसला तेव्हा लहान मुलगा होता, आणि सुरुवातीला कारभार पाहिला तो चांदबीबीने. ती अहमदनगरची लेक, विजापूरची सून. पुढे मोगल अहमदनगरवर चालून आले तेव्हा माहेरचा किल्ला लढवणारी चांदबीबी तीच. आणि इथे सोलापूरकरांसाठी एक गंमत आहे. चांदबीबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर हुंड्यात विजापूरला गेला. ज्या किल्ल्याच्या बागेत आम्ही मुलांना खेळायला नेतो तो एका मुलीच्या लग्नात दिलेला आहे. हुंड्यावर मी वर्गात भाषण देते. यापुढे हा दाखला देऊन देईन.

पण इब्राहीमबद्दल सांगायचं होतं ते वेगळंच. त्याला गाण्याचं वेड होतं. आपल्या तंबुऱ्याला त्याने मोतीखान नाव ठेवलं होतं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याने किताब-ए-नौरस नावाचं गाण्यांचं पुस्तक रचलं, त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे आणि आमच्या गुलबर्ग्याच्या बंदानवाजांचीही. आणि ते पुस्तक फारसीत नाही, दखनीत आहे.

दखनी म्हणजे आपण घरात बोलतो ती. नक्को, हौ, कायकू, लोगाँ, बाताँ. मी उर्दूची बीएड झालेली बाई. मुलींच्या निबंधात "किताबाँ" आलं की लाल पेनाने खोडून "किताबें" करते. "नक्को" आलं की गोल करून समासात प्रश्नचिन्ह. परीक्षेत ते खोडावं लागतंच, त्यात माफी नाही. पण खोडताना माझ्या तोंडून जे निघायचं, "ये कोई जबान है?", ते मला इब्राहीमच्या कबरीजवळ उभं राहून आठवलं आणि बरं वाटलं नाही. बादशहा या जबानीत गाणी लिहीत होता. त्याच्यानंतरच्या काळात विजापूरच्या दरबारात नुसरतीने या भाषेत मोठमोठी काव्यं लिहिली, आणि हाशमी नावाच्या शायराने तर बायकांच्या बोलीत, बायका घरात बोलतात तसं लिहिलं. दिल्लीत अजून उर्दू शायरीचा डंका वाजायचा होता. आणि दखनीतलं "नक्को" म्हणजे मराठीतलं "नको" नाही तर दुसरं काय? एका इब्राहीमच्या आधीचा एक इब्राहीम होता, पहिला. त्याने सरकारी हिशेब फारसीऐवजी इथल्या लोकांच्या भाषेत, म्हणजे मुख्यतः मराठीत, ठेवायला लावले. मराठी कारकून, मराठी वह्या. शहाजीराजे याच दरबारचे सरदार. आमच्या पुस्तकात विजापूर येतं ते स्वाऱ्यांच्या आणि तहांच्या वाटेने. त्यात पुस्तकाचा दोष नाही, धडा तेवढ्यापुरता आहे. पण रिक्षावाला आम्हाला "किधर जाना जी, ब्रह्मचारी बन के मत फिरो, टांगा करो" म्हणाला आणि अब्बा खळखळून हसले, तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "ये तो अपने जैसाच बोलता." परक्या राज्यात, कानडी पाट्यांच्या मध्ये, त्याला आपली भाषा सापडली. शाळेत याच बोलीवरून त्याला चिडवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

टांगा केलाच. मुलूख-मैदान तोफ बघायला शेरजा बुरुजावर गेलो. ही तोफ खरी आपल्याकडची. १५४९ साली अहमदनगरला ओतली, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या कारागिराने. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. पंचावन्न टन वजन. तोंडाशी जबडा वासलेलं जनावर, त्याच्या दातात हत्ती. परांडा ते विजापूर रस्ता कसा काढला असेल याचा विचार करून अब्बांनी गिरणीतला बॉयलर कसा चढवला होता ती गोष्ट सांगितली, ती तोफेच्या गोष्टीपेक्षा लांबली. १८५४ मध्ये इंग्रजांच्या अमलात ही तोफ भंगारात दीडशे रुपयांना विकली गेली होती. मग कुणाला तरी शहाणपण सुचलं आणि व्यवहार रद्द झाला. उन्हातही तिचं अंग गार लागतं. मुलांनी दोघांनी गाल लावून पाहिले.

जामा मशिदीत जोहर पढली. अली आदिलशहाच्या काळात सुरू झालेली ही मशीद, आत फरशीवर एकेका माणसाच्या जागेच्या दोन हजारांवर चौकटी आखलेल्या, आणि मेहराब सोन्याच्या रंगाने भरलेली. तिथे बोलायला काही नसतं, बसायचं असतं. बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धी राहिलेली कबर, नुसत्या कमानी, छत नाहीच. तिथे संध्याकाळी गावातली मुलं अभ्यासाला बसलेली दिसली. ताज बावडी ताज सुलतानाच्या नावाची, काही वर्षांपूर्वी गाळ काढून साफ केली. मोठ्या शहराला पाणी पुरवायला आदिलशाहीत दूरच्या तलावांतून मातीच्या नळांनी पाणी आणत आणि मध्येमध्ये दाब कमी करायला उंच मनोरे बांधत. असे मनोरे अजून रस्त्याच्या कडेला उभे दिसतात. चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत राहणारी बाई ते फार लक्षपूर्वक बघते.

गगन महालाची कमान शेवटी पाहिली. १६८६ च्या सप्टेंबरमध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि शेवटचा आदिलशहा सिकंदर त्याच्यापुढे हजर झाला. वय अठरा-एकोणीस. मुलीने विचारलं, दोघं मुसलमानच ना, मग का लढले? मी म्हणाले, राज्यासाठी. हा प्रश्न तिला पडला ते बरंच झालं. इतिहासाच्या तासाला "तुमचे" आणि "आमचे" असे बादशहा वाटून घेण्याची सवय मुलांना कुठून तरी लागते. तिच्या मनात ती आता तेवढी सहज बसणार नाही.

थोडं व्यवहाराचं. सोलापूरहून रेल्वे आणि बस दोन्ही भरपूर. पुरातत्त्व खात्याच्या जागांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दोन दिवस ठेवा, एक रात्र राहा. एका दिवसात केलं तर गोल घुमटाची किंकाळीच डोक्यात घेऊन याल. रविवार टाळा. रोजा आणि मशिदीत चपला काढाव्या लागतात, दुपारचा दगड तापतो, लहानांना मोजे घाला. वयस्कांना घुमटाचे जिने चढवू नका, खाली बसायला जागा आहे. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेली होती, त्यामुळे एका वेळच्या जेवणाचा खर्च वाचला. परत आल्यावर नणंदेला हिशेब दाखवला. पाच माणसांचं मिळून एका लग्नाच्या आहेरापेक्षा कमीच भरलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी आम्हालाही सांग."

सुट्टी संपली. सातवीच्या वर्गात पाच शाह्यांचा धडा काढला. आधी त्यांना सांगितलं की दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले होते. वर्ग गप्प झाला. टीचर असं बोलतात हे त्यांना नवीन होतं. मग एकीने विचारलं, "फिर सात बार आती क्या नहीं?" मी फळ्यावर लिहिलं: नऊ, सात, पाच. आणि ती जुनी मुलगी, आता नववीत आहे, तिला मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. तिला तो प्रश्न आठवतही नव्हता. पण म्हणाली, "टीचर, हमना लेको चलते क्या?"

"हमना" मी खोडलं नाही.

मुख्याध्यापकांनी सहलीला होकार दिला. सातवी आणि नववीच्या मुलींना परवानगीचे कागद वाटले. एक दिवस, सकाळी जाऊन रात्री परत, मनासारखं नाही पण सुरुवात. पहिल्या आठवड्यात एकतीस कागद सह्या होऊन आले. सात बापांनी मागच्या बाजूला लिहिलं की लेकीबरोबर आई आली तर चालेल का. चालेल म्हणून कळवलं. त्या मुलीचा कागद मात्र आला नाही. विचारलं तर खाली बघून म्हणाली, दादा नाही म्हणतात.

अब्बांना रात्री सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं, गल्ली विचारली, थोडा वेळ आठवत बसले. म्हणाले, "गिरणीत माझ्या पाळीला होता तो. त्या वेळी विजापूरला माझ्याबरोबर आला होता की." रविवारी असरनंतर मी त्यांच्या घरी जाणार आहे. अब्बांनी काठी दाराशी काढून ठेवली आहे.